वाचकांचे प्रश्न : रायफलींचा जुना रॅक

प्रश्न : नाशिकच्या जुन्या बाजारात सागवानी रॅक मिळतोय. वर दहा खाचा, खाली दहा खळगे, मधे कुलपाची लोखंडी पट्टी. विकणारा ‘इंग्रजांच्या काळातला, थ्री-नॉट-थ्रीचा’ म्हणतो. खरं मानावं का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : छावणीच्या गावात असा रॅक निघणं नवल नाही, पण नुसती उंची मोजून निकाल लावू नका. थ्री-नॉट-थ्री म्हणजे इंग्रजांची शॉर्ट ली-एनफिल्ड रायफल. ती ४४.५ इंच, तर आपल्या लष्कराने स्वातंत्र्यानंतर घेतलेली एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) ४५ इंच. उंचीवरून दोघींचे रॅक वेगळे ओळखू येत नाहीत. फरक असतो वरच्या खाचेत. ली-एनफिल्डचं लाकूड थेट नळीच्या तोंडाशी जातं आणि तिथे जाड लोखंडी टोपी असते, म्हणून खाच रुंद लागते. एसएलआरची नळी पुढे उघडी आणि बारीक, त्यामुळे खाचही अरुंद. फळी बरीच उंच आणि खाच अरुंद असेल, तर ४९ इंची मार्टिनी-हेन्री या त्याहून जुन्या रायफलीचाही विचार करा.

मग झीज बघा. खरी साक्ष तीच देते. रायफल ठेवताना दस्ता आधी खळग्यात टेकतो, मग नळी मागे खाचेत जाते. दस्त्याच्या बुडाला धातूची पाटी असल्याने खळग्याची पुढची कड खचते, मागची त्यामानाने शाबूत राहते. चारही कडा सारख्याच गोल दिसल्या तर ते पॉलिश पेपरचं काम.

बाणाचा सरकारी ठसा असला तरी हुरळून जाऊ नका, तो आजही मारता येतो. भिंगातून पाहा : ठशाच्या तळाशी जुना रंग आणि मळ हवा. ताजं पिवळं लाकूड दिसलं तर ठसा नवा. चौफुली खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकात आले. ते असतील तर निदान दुरुस्ती तरी त्यानंतरची आहे.

प्रश्न : घेतल्यावर रंग खरवडून पॉलिश करावं का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : कृपा करून नको. रायफलींचे क्रमांक बहुधा रंगातच लिहिलेले असतात. ते गेले की रॅकची ओळखच गेली. शिवाय जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासलं तर ती धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने मळ काढा. उघड्या लाकडाला जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात मिसळून पातळ हात द्या, अर्ध्या तासाने पुसून घ्या. तेलाची फडकी मात्र गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून मगच टाका. पट्टीचा गंज बारीक स्टील वूल आणि मशीनच्या तेलाने निघतो, तिथे ग्राइंडर लावू नका.

सागाचा गाभा सहसा कीड धरत नाही, कडेचं फिकट लाकूड धरतं. छिद्रांखाली ताजी भुकटी पडत असेल तर रॅक घरातल्या इतर लाकडापासून लांब ठेवा आणि पावसाळ्याआधी औषध मारून घ्या.

प्रश्न : परवाना लागतो का?

उत्तर : रिकाम्या रॅकला नाही. पण सोबत रायफलीचा बोल्ट, नळी असं काही आलं, तर १९५९चा शस्त्र कायदा सुट्या भागांनाही लागू होतो. ते घेऊच नका. माल लिलावातला असेल तर त्याची पावती मागा. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते आणि मग ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही.