इंजिन खोलून बांधावं की बदलावं?

प्रश्न : माझी 14 वर्षांची चार सिलिंडरची डिझेल पिकअप रावेर-सावदा पट्ट्यात केळी वाहते. 1000 किलोमीटरला दीड लिटर ऑइल खाते, निळा धूर सोडते. एक मिस्त्री 'हाफ इंजिन', म्हणजे फक्त नव्या रिंगा, करू म्हणतात, दुसरे भंगारातलं उतरवलेलं इंजिन बसवा म्हणतात. काय करू?
– एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : दोघांनीही इंजिन अजून मोजलेलं नाही, तेव्हा आज कुणालाच ॲडव्हान्स देऊ नका.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढंच कळतं. सकाळी स्टार्टरला भपकन येऊन विरत असेल तर व्हॉल्व्हचे सील आणि गाइड पाहा. ते हेडचं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचं, काम आहे. टर्बो असेल तर त्याच्या पाईपात ऑइल साचलंय का तेही बघा. भार पडल्यावर धूर सतत येत असेल आणि ब्रीदरमधूनही (इंजिनाच्या आतली वाफ सोडणारी नळी) भकभक बाहेर पडत असेल, तर रिंग-लायनर (पिस्टनवरच्या कड्या आणि पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) गेले. मग इंजिन गरम करून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात साधारण 25 ते 30 बार मिळतं. 20 च्या खाली आलं तर खोलावंच लागेल.

हेड काढलं की लायनरच्या वरच्या टोकाशी, जिथे वरची रिंग थांबते तिथे, नख फिरवा. नख अडकलं तर तिथे कड पडलेली आहे. हाफ इंजिनात जुन्याच लायनरमध्ये नव्या रिंगा टाकतात. वरची नवी रिंग या कडेवर आपटून तुटते आणि धूर परत येतो. म्हणून कड असेल तर हाफ इंजिनवर पैसे घालवू नका, लायनर-पिस्टन सेटच घ्या.

खरा निर्णय मात्र क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) यांवर आहे. क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, लेथवाल्याकडून मायक्रोमीटरने मोजून घ्या, तड्यांसाठी मॅग्नेटिक तपासणी करा. 0.25 किंवा 0.50 मिमी ग्राइंडिंगमध्ये क्रँक बसत असेल आणि ब्लॉकला तडा नसेल, तर इंजिन बांधा. आधीच 0.75 मिमीपर्यंत घासलेली क्रँक आणि शिवाय फुटलेला ब्लॉक, अशा वेळीच दुसऱ्या इंजिनाचा विचार करा. चेसिस गंजून पोखरली असेल तर यातलं काहीच करू नका.

जुनं इंजिन घ्यायचंच तर ते थंड असताना तुमच्यासमोर सुरू करायला लावा. आधी हात लावून बघा, कारण गरम करून ठेवलेलं इंजिन सगळं लपवतं. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं असावं. बिल घ्या, इंजिन नंबर आरटीओत आरसी बुकवर चढवा आणि विमा कंपनीला कळवा. नंबर जुळला नाही तर फिटनेसला गाडी अडकते.

आणखी एक. इंजिन का झिजलं हे शोधल्याशिवाय बांधू नका. आपल्याकडे धूळच जास्त इंजिनं खाते. एअर फिल्टरपासून इंजिनात हवा नेणारा, मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी पाईप वाकवून बघा; चीर असेल तर नवे लायनरही फार टिकणार नाहीत. बोअरच्या जड पाण्याने रेडिएटर चुन्याने भरलेला असतो, तोही उघडून साफ करा. नंतर डिमिनरलाइज्ड पाणी आणि कूलंटच घाला, नाहीतर मे महिन्यात हेड गॅसकेट जाईल. पहिले 1000 किलोमीटर अर्धा भार ठेवा, रिकामं आयडलिंग टाळा, 500 ला ऑइल-फिल्टर बदला.

प्रश्न : ट्रॅक्टरचं ऑइल दुधासारखं झालंय. नवं इंजिनच लागेल का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : बहुधा नाही. पण ऑइलमध्ये पाणी शिरलंय; सुरू करू नका, बेअरिंग जातील. ऑइल काढा, सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवा, रेडिएटरला हातपंपाने सुमारे 1 बार दाब द्या आणि टॉर्च लावून खालून पाहा. लायनरच्या बुडाशी थेंब दिसला तर त्याची रबर रिंग गेली. बुड कोरडं राहून थेंब वरून ओघळत असेल तर हेड गॅसकेट. कुठेच थेंब नसेल तर ऑइल कूलर तपासा, काही मॉडेलांत तो असतो.