मौन हीच संमती

प्रश्न : संयुक्त राष्ट्रसंघाने किंवा जागतिक आरोग्य संघटनेने एखादा ठराव केला, तर आपल्या संसदेने तो स्वीकारला नसतानाही भारतावर बंधनकारक होतो का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ठराव कोणी केला आणि सदस्य देशांनी त्या संस्थेला सनदेने किती अधिकार दिला, यावर ते ठरते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेचे ठराव, अंदाजपत्रकासारख्या अंतर्गत बाबी सोडल्या, तर शिफारशीच असतात. सुरक्षा परिषदेचे निर्णय मात्र सनदेच्या कलम २५ नुसार सर्व सदस्यांना पाळावे लागतात. दहशतवादाला पैसा पुरवणे हा गुन्हा ठरवण्यासंबंधीचा १९९९ चा करार पुरेशा देशांच्या मान्यतेअभावी अमलातही आला नव्हता, तेव्हा २८ सप्टेंबर २००१ रोजी परिषदेने १३७३ क्रमांकाच्या ठरावाने तेच बंधन सर्व देशांवर घातले. परिषदेच्या पंधरा सदस्यांनी जगासाठी कायदा करावा का, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो, आणि तो मला रास्त वाटतो.

आरोग्य संघटनेची रीत याहून चतुर आहे. तहाला देशाची मान्यता लागते. पण साथीचा प्रसार रोखण्यासारख्या ठरावीक विषयांवर आरोग्य सभेने, म्हणजे संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, संमत केलेले नियम, दिलेल्या मुदतीत जो देश नकार किंवा हरकत कळवत नाही, त्याला आपोआप लागू होतात. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन इथे अक्षरशः कायदा झाले आहे. २००५ चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम १५ जून २००७ पासून असेच अमलात आले. भारत मात्र गप्प राहिला नाही. पीतज्वर (यलो फीव्हर) आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडीस डास मुबलक आहे. म्हणून कोणत्याही देशात पीतज्वराची नोंद झाल्यास तो संपूर्ण देश बाधित मानण्याचा हक्क भारताने राखून ठेवला. अशा देशातून लसीच्या दाखल्याविना आलेल्या प्रवाशाला मुंबईच्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येते, ते याच भूमिकेमुळे.

राहिला संसदेचा प्रश्न. वरील बंधन राज्यसंस्थेवर असते. नागरिकाच्या हक्कांना हात लावायचा, तर देशातला कायदाच लागतो. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या निर्णयांच्या अंमलबजावणीसाठी, विषय राज्यसूचीतला असला तरी, कायदा करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ ने संसदेला दिला आहे. सुरक्षा परिषदेपुरता तसा कायदा १९४७ मध्येच झाला होता.