वाचकांचे प्रश्न : जुन्या ट्रामची डागडुजी

प्रश्न : अमेरिकेत मेन राज्यातल्या केनेबंकपोर्टला, १९३९ पासून चालू असलेल्या सीशोअर ट्रॉली म्युझियममध्ये जुन्या लाकडी ट्राम पाहिल्या. त्यांच्या टपावर कापड असतं म्हणे. सरळ पत्रा का ठोकत नाहीत? (डोंबिवली)

उत्तर : लाकडी सांगाडा धावताना पिळतो. कापड थोडं ताण खातं. पत्र्याचे सांधे मात्र उघडतात आणि पाणी आत मुरतं. शिवाय वर ६०० व्होल्टची तार असते. ट्रॉलीचा दांडा, म्हणजे त्या तारेतून वीज घेणारा टपावरचा खांब, तारेवरून सुटून टपावर आपटला, तर खाली लाकूड-कापडच बरं.

आधी जुनं कापड उतरवून फळ्यांना टोच्या टोचून पाहायचा. सहज घुसला की फळी बदलायची. खिळ्यांची डोकी आत ठोकून घ्यायची, नाहीतर ती वर्षभरात कापड भोसकतात. मग सुती कॅनव्हास आधी लांबीत, मग रुंदीत ताणायचा आणि मधून कडेकडे तांब्याच्या चुकांनी (बारीक खिळ्यांनी) ठोकत न्यायचा. लोखंडी चुका गंजतात आणि भोवतीचं कापड कुजवतात. रंगाचा पहिला हात पातळच हवा, विणीत मुरणारा. इथे घाई करून जाड थर दिला की पुढे पापुद्रे सुटतात. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासू नये.

प्रश्न : वर्षानुवर्षं उभ्या ट्रामची मोटर हाताने फिरते. मग वीज द्यायला काय हरकत? (नाशिक)

उत्तर : हाताने फिरणं हा बेअरिंगचा दाखला, इन्सुलेशनचा नव्हे. तारांवरचं सुती वेष्टण दमट हवा शोषतं. मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र, लावा, वाइंडिंग (मोटरमधली तारांची गुंडाळी) आणि सांगाडा यांच्यात २ मेगओमही मिळत नसतील तर मोटर भट्टीत, साधारण ९० अंशांवर सुकवा. सुरुवातीला आकडा उलट घसरतो. घाबरून भट्टी बंद करू नका. ओल निघाली की तो चढतो, आणि स्थिरावला की काम झालं.

कार्बनची धूळ व्हॅक्यूमने ओढा, कॉम्प्रेसरने फुंकलीत तर ती वाइंडिंगमध्येच जाऊन बसते. कम्युटेटरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या नळकांड्याच्या, तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक पट्ट्यांपेक्षा सुमारे १ मिलिमीटर खाली हवा. वर आला तर ब्रश (त्यावर टेकणारे कार्बनचे तुकडे) उडतात, ठिणग्या पडतात. बेअरिंगमधली तेलाची लोकर, म्हणजे बेअरिंगला तेल पोचवणारी तेलात भिजवलेली लोकर, वाळून कडक झालेली असते, ती बदलाच. तेल न पोचल्यास व्हाइटमेटल (बेअरिंगचं मऊ धातूचं अस्तर) झिजतं, आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) खाली बसून पोलला, म्हणजे भोवतीच्या स्थिर चुंबकाला, घासतं आणि नवं वाइंडिंग पहिल्याच फेरीत जातं.

प्रश्न : मूळ रंग कसा ओळखायचा? (पणजी)

उत्तर : दाराच्या पट्टीमागे, जिथे ऊन लागलेलं नाही तिथे, रुपयाएवढी जागा ओल्या पॉलिशपेपरने उतरती घासा. थर कड्यांसारखे दिसतात. सर्वांत आतला बहुधा अस्तराचा असतो, त्याला मूळ रंग समजू नका.