वाटणीच्या भांडणातली लव्हस्टोरी लिहायचीय? आधी नातं ठरव

शेताच्या वाटणीवरून भांडणाऱ्या घरांतली लव्हस्टोरी लिहायची तुझी आयडिया झकास आहे बघ, बिनधास्त लिही. फक्त सुरुवातीला एवढंच सांभाळ.

पहिलं म्हणजे दोघांचं नातं. चुलत भाऊ-बहीण घेतलीस तर आपल्याकडं लग्नच होत नाही, गोष्ट तिथंच बसली. पण आत्याचा मुलगा आणि मामाची मुलगी घे की, बेळगाव जिल्ह्यात खानापूर-निपाणीकडं हे स्थळ घरचेच सुचवतात, आणि आत्यानं माहेरच्या शेतात हिस्सा मागितला की तेच स्थळ वैरी होतंय.

- कायदा एका ओळीत आटप: 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क, पण 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटणी झाली असेल तर ती मोडत नाही. जुना वाटणीपत्राचा कागद सापडला की प्लॉट फिरला! कोर्टाच्या तारखा आत्ता नकोत.
- नवीन लिहिणारे पहिल्याच भेटीत प्रेमात पाडतात. अगं भांडू दे की आधी. हक्कसोडपत्रावर (हिस्सा सोडल्याच्या कागदावर) आत्याची सही मागायला मामाची मुलगी स्वतः कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, बॉक्स घेऊन त्याच्या दारात जाते, आत्या चहा देते पण बॉक्स उघडत नाही, असलं काहीतरी.
- दोघांचीही बाजू खरी वाटू दे, त्याला व्हिलन करू नको.

जमिनीचा उतारा (सातबारासारखा सरकारी कागद) कर्नाटकात कन्नडात असतोय, तो दोघांनी मिळून वाचायचा सीन मात्र सोडू नको हं. पहिला चॅप्टर झाला की टाक इथं.