गच्चीत माथेरानची लाईन टाकायची तर

अरे मित्रा, गच्चीत माथेरानच्या छोट्या गाडीचं चालतं मॉडेल करायचंय ना, मग इंजिन घ्यायच्या आधी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ठरव, नाहीतर माझ्यासारखा पस्तावशील. मोठ्या स्केलचं म्हटलं की सगळे ४५ मिमीचा ट्रॅक दाखवतात, पण १:२२.५ स्केलला, म्हणजे खऱ्याच्या साडेबावीस पट लहान केलं तर, तो मीटर गेज (एक मीटर रुंदीची लाईन) होतो आणि माथेरानची लाईन दोन फुटी, म्हणजे ६१० मिमी, तिला १:१९ स्केल आणि ३२ मिमीचा ट्रॅक बरोबर बसतो. (बार्शी लाईट या जुन्या छोट्या रेल्वेचं मॉडेल करणाऱ्यांनो, तुमचं अडीच फुटी गणित वेगळं!)

मग चढ. खऱ्या घाटात १:२० आहे म्हणून तूही तसाच ठेवू नकोस, मी ठेवला होता, इंजिन तीन डबे घेऊन जागच्या जागी चाकं फिरवत बसायचं, शेवटी सगळं उकरून १:४० केला, म्हणजे मीटरला अडीच सेंटीमीटर. वळणावर त्याहून कमी ठेव, तिथे डबे आधीच जड जातात.

आणि ट्रॅक स्क्रूने घट्ट आवळू नकोस. पहिल्याच मे महिन्यात माझा पितळी रूळ भर दुपारी सापासारखा वाकला, दोन मीटरचा तुकडा कडक उन्हात दीडेक मिमी वाढतो, सांध्यात तेवढी फट सोड. पावसाळ्यात रुळातून करंट द्यायच्या भानगडीत पडूच नकोस, शेवाळ धरतं, सरळ बॅटरी नि रिमोट लाव.

बोगदा हवाच, माथेरानच्या लाईनवर आहे तसा वन किस टनेल! फक्त आत हात जाईल एवढा कर. माझा एक डबा आतच घसरला, तो पालीसकट बाहेर आला.