लालभडक स्ट्रॉबेरीला वास का नसतो?

नवी पेठेतल्या गाड्यावरून आणलेली स्ट्रॉबेरी लालचुटूक, पण ना वास ना गोडी, असं तुम्ही विचारलंय. गाडेवाल्यावर चिडू नका, अर्धा दोष जनुकांचा आहे.

लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, वासाशी त्याचा संबंध नाही. वास येतो पटकन हवेत उडणाऱ्या अनेक द्रव्यांच्या मिश्रणातून. पिकल्यावर येणारा जळत्या साखरेसारखा गोडसर वास फ्युरॅनिऑल या द्रव्याचा. पीचसारखा वास देणारं गॅमा-डेकालॅक्टोन तर एफएडी१ या एका जनुकावर अवलंबून. ते जनुक नसलेल्या वाणात तो वास येतच नाही, कितीही खत घाला.

मग चांगलं वाण काढणं अवघड का? आपल्यात गुणसूत्रांचे, म्हणजे जनुकं वाहणाऱ्या धाग्यांचे, दोन संच; स्ट्रॉबेरीत सात-सातचे आठ, म्हणजे 56 गुणसूत्रं. त्यामुळे हवं ते जनुक नेमकं पुढच्या पिढीत आणणं कठीण. अठराव्या शतकात युरोपात दोन अमेरिकन जातींचा संकर झाला, त्याची ही संतती. त्यात पैदासकारांनी आकार, उत्पादन, टिकाऊपणा आधी बघितला. वास मागे पडला.

उरलेला अर्धा दोष तोडणीचा. महाबळेश्वरहून सोलापूरपर्यंत टिकावी म्हणून फळ कच्चंच तोडतात. नंतर रंग चढतो, साखर मात्र वाढत नाही. देठाजवळ पांढरं दिसलं तर घेऊ नका. आणि आधी हुंगा!