पेपर टेस्टिंगची मेथड लिहायला बसलायस तर

लॅबमध्ये नवीन आहेस आणि मेथड लिहायचं काम अंगावर आलंय, तर मशीनचा विचार नंतर कर, आधी हवेचा कर. कागद हवेतला ओलावा ओढतो आणि सोडतो, त्यामुळे पावसाळ्यात आणि मे महिन्यात एकाच रिळाचा टेन्साइल, म्हणजे ओढून तुटेपर्यंतची ताकद, वेगळा येणारच, म्हणून तर आयएसओ 187 मध्ये, म्हणजे टेस्टिंगच्या हवेच्या आंतरराष्ट्रीय मानकात, 23 डिग्री आणि 50 टक्के आर्द्रता ठरवून दिलीय. आणि सॅम्पल आधी कोरड्या हवेत ठेवून मगच 50 ला आणायचं, कारण ओल्या बाजूने आलेला कागद त्याच 50 टक्क्यांना जास्त पाणी धरून बसतो. ही पायरी लोक सर्रास गाळतात, बघून जीव तुटतो अगदी.

मेथड सेकंदासकट लिहायची. कॉब 60, म्हणजे 60 सेकंदांत कागद किती पाणी शोषतो ती टेस्ट घे, 100 चौरस सेंमी कागदावर 100 मिली पाणी, 45 व्या सेकंदाला पाणी ओतून टाकायचं, 60 व्याला ब्लॉटिंग पेपर ठेवून 10 किलोचा रोलर एकदा पुढे एकदा मागे, वरून हाताने जोर द्यायचा नाही. यातलं एक वाक्य सैल राहिलं की दोन ऑपरेटरचे आकडे जुळत नाहीत.

मग तेच सॅम्पल बाहेरच्या लॅबना पाठव. आपल्याच टेबलावर रिझल्ट परत परत जुळला तर ती फक्त रिपीटेबिलिटी, दुसऱ्याच्या मशीनवर जुळला तर रिप्रोड्युसिबिलिटी. टॅपीच्या (कागद उद्योगाची अमेरिकन तांत्रिक संस्था) मेथडमध्ये प्रिसिजनचा, म्हणजे आकडे एकमेकांशी किती जुळतात याचा भाग असतो, तो आधी वाच.

आणि हो, मशीन डायरेक्शन, म्हणजे कागद बनताना मशीनवर ज्या दिशेने धावला ती दिशा, सॅम्पल कापतानाच पेन्सिलने लिही.